खाऱ्या पाण्यातला फेस

आमच्या आजोबांच्या धोकटीत दाढीचा ब्रश नव्हता. दोन वस्तरे, कैची, दगडी सहाण, वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा, नखं काढायची नराणी, पारा उडालेला आरसा आणि पितळी वाटी, एवढाच संसार. गिऱ्हाईक पाराखाली उकिडवं बसलं की वाटीत बोटं बुडवायची आणि गाल घासत राहायचे. केस मऊ झाले की वस्तरा. साबण ही चैन होती, आणि असता तरी आमच्या पाण्यात तो फुलला नसता.

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. बुलडाणा जिल्ह्याचा घाटाखालचा भाग, म्हणजे नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूची कितीतरी गावं या पट्ट्यात येतात. विहीर खोदावी तर पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाचा फेस होण्याऐवजी पांढऱ्या गुठळ्या तरंगतात. घाटावरच्या चिखली-मेहकरच्या पाहुण्यांना आमच्याकडे आंघोळ केल्यासारखंच वाटत नसे.

ब्रश नसण्याचं दुसरं कारण बलुत्यात होतं. वर्षभर गावाच्या दाढ्या करायच्या आणि खळ्यावर ज्वारी घ्यायची. गाल घासायला बोटं लावली काय किंवा लंडनचा ब्रश लावला काय, पायलीत एक दाणा वाढत नव्हता. मग कोण कशाला खर्च करील?

बलुत्याची आठवण गोड करून सांगायची आमच्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही. आजोबांची धोकटी महारवाड्यात गेली नाही. तिथली माणसं एकमेकांची हजामत करत. आजोबा त्यावर एवढंच म्हणत, "गाव मले वाळीत टाकलं असतं." ते खोटं नव्हतं, बलुतेदाराचं पोट गावाच्या मुठीत असे. पण याच आमच्या जातीनं मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं होतं. वस्तरा नाही म्हणू शकतो, हे तेव्हाच दिसलं होतं. आमच्या गावात तो चुकीच्या ठिकाणी नाही म्हणत राहिला. १९५५च्या अस्पृश्यता कायद्यानं अशी सेवा नाकारणं गुन्हा ठरवलं, तरी कायदा गावात पायी चालत येतो. त्याआधीच, १९५६च्या धम्मदीक्षेनंतर, त्या वस्तीतली पोरं तालुक्याहून पातं बदलायचं यंत्र, साबणाची गोल वडी आणि ब्रश घेऊन आली. गावात स्वतःच्या गालाला स्वतःच्या हातानं फेस लावणारे पहिले लोक ते. पाटलाच्या ओट्यावर ब्रश त्यानंतर आला.

आमच्या घरात ब्रश आणला वडिलांनी. त्यांनी बलुतं सोडलं आणि तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ खुर्ची मांडली. आता दाढी रोख पैशाची झाली, आणि रोख देणाऱ्याला फेस पाहिजेच. पहिला ब्रश डुकराच्या केसांचा होता. स्वस्त, राठ, टिकाऊ. पण आठवडी बाजारात निम्मं गिऱ्हाईक मुसलमान. त्यांना डुकराचा केस चालत नाही, आणि माहीत असून गुपचूप लावणं वडिलांना पटेना. घोड्याच्या केसांचे ब्रशही मिळत. त्यांच्यावर जगानं एक मोठी धास्ती खाल्लेली होती: पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट न उकळलेल्या केसांच्या स्वस्त ब्रशांतून माणसांना काळपुळी झाली. आपली जनावरं उभ्याउभ्या जिनं पडतात, तीच ही काळपुळी. सैनिक दगावले, आणि इंग्लंडनं १९२० साली जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली.

अशा रीतीनं वडिलांच्या फळीवर बॅजरच्या केसांचा ब्रश आला. बॅजर म्हणजे तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेलं, बीळ खोदून राहणारं ठेंगणं जनावर. आपल्याकडचा रॅटेल त्याचा नातलग, पण त्याला कायद्याचं संरक्षण आहे. ब्रशाचा केस बहुतेक चीनमधून येतो. हा केस पाणी भरपूर धरतो आणि थोडंथोडं सोडतो. खारपाणपट्ट्यात ही मोठी गोष्ट. वडील पावसाचं पाणी मडक्यात साठवत, त्यात ब्रश भिजवत, एकदा झटकत आणि वाटीत घोटत न बसता साबणाची वडी सरळ गालावर फिरवून तिथंच फेस उठवत. वाटीत फेस करायला पाणी जास्त लागतं. गालावर जेवढं ब्रशात असेल तेवढंच पुरतं. "फेस पान्यात नसते, हातात असते," असं ते म्हणायचे. अर्धं श्रेय ब्रशाचं होतं, ते त्यांनी कधी दिलं नाही!

२०२०च्या टाळेबंदीत दुकानं बंद झाली. जूनअखेर सरकारनं केस कापायला परवानगी दिली, दाढीला नाही. तेव्हा दर दोन दिवसांनी कोणीतरी मला विचारायचा, "भाऊ, ब्रश कोणता घेऊ? स्वस्तातला सांगा." त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगतो.

बॅजरच्या केसातही प्रती असतात. सगळ्यात महाग तो पांढऱ्या टोकाचा, रेशमासारखा. वाटीत फेस घोटणाऱ्याला तो ठीक. गालावर दाबला की लोळण घेतो, खुंटापर्यंत पोचतच नाही. गालावर फेस करणाऱ्यानं सगळ्यात स्वस्त, गडद रंगाचा, जरा टोचणारा केस घ्यावा. इथं पैसे वाचतात आणि कामही चांगलं होतं, असा योग बाजारात क्वचितच येतो. झुबका बुडाशी वीस-बावीस मिलिमीटर जाड आणि केस दांड्याच्या वर पाच सेंटिमीटरच्या आत हवेत. लांब केस दिसायला भारदस्त, पण माना टाकतात. तळहातावर दाबून सोडावा. लगेच उभा राहिला तर घ्यावा. चिमटीत धरून हलकेच ओढावा. नव्या ब्रशाचे दोन-चार केस सुटतात, मूठभर सुटले तर दुकानदाराला परत द्यावा. जनावराचा केस मुळीच नको असेल, तर प्लॅस्टिकच्या तंतूंचे आजचे ब्रश वाईट नाहीत. पाणी कमी धरतात, लवकर वाळतात आणि कोणाच्याही धर्माच्या आड येत नाहीत.

पहिले चार-आठ दिवस बॅजरला ओल्या जनावराचा वास येतो. साबणाचा फेस भरून रात्रभर ठेवावा, सकाळी धुवावा. असं तीन-चारदा केलं की वास जातो. उकळत्या पाण्यात घालू नये, बुडाचा डिंक सुटतो. आणि आमच्याकडच्या पाण्यात धुतलात तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा फिरवा, नाहीतर केसांच्या मुळाशी क्षार बसतो आणि वर्षभरात ब्रश झाडूसारखा होतो.