तारण काय ठेवणार?

परवा भाचीचा फोन आला. "आत्या, ऑफिससाठी कर्जाचा अर्ज केलाय. मॅनेजर म्हणतात, एखादा जामीन असला तर बरं." ती आर्किटेक्ट आहे, दादाचंच ऑफिस चालवते. फोन ठेवला आणि मी थेट १९७४ सालात गेले.

दादा तेव्हा पुण्यात नुकता व्यवसायात पडला होता. दहा बाय बाराची खोली, एक ड्रॉइंग बोर्ड, एक टी-स्क्वेअर. डिपॉझिट आणि टेबलांसाठी पाच हजार हवे होते. बँकेत पहिला प्रश्न, तारण काय? गिरणीवाल्याकडे यंत्रं असतात, वाण्याकडे माल. आर्किटेक्टचा सगळा माल डोक्यात! मग म्हणाले, पगारदार जामीन आणा. अण्णा रिटायर झालेले. पगारदार मी एकटीच, बी. ए. होऊन नुकती शाळेत लागलेली. "लग्नाच्या मुलीच्या पगारावर बोजा नको," अण्णांनी निक्षून सांगितलं. मी आईच्या कानावर घालून सही केली. पुढे एका बिल्डरने दादाची फी बुडवली आणि सात महिने हप्ते माझ्या पगारातून गेले. एक स्थळही त्यावरून मोडलं. (त्याचं दुःख नाही, पुढे 'हे' भेटले.)

निवृत्तीनंतर वाचनात आलं ते असं. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. जानेवारी १९७१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने पतहमी महामंडळ निघालं आणि एप्रिलपासून छोट्या कर्जांना हमी सुरू झाली. शेतकरी, दुकानदार, वाहतूकवाले यांच्याबरोबर स्वतंत्र व्यावसायिकही त्यात होते. कर्ज बुडालं तर ठरावीक वाटा महामंडळाने सोसायचा. म्हणजे आम्ही बँकेच्या पायऱ्या चढलो तेव्हा योजना तीन वर्षं सुरू होती, आणि कुणी चकार शब्द काढला नाही! हमी मुळात बँकेसाठी, कर्जदाराला ती दिसतच नाही.

१९७८ मध्ये ते महामंडळ ठेव-विमा महामंडळात विलीन झालं. पुढे बँका एकेक करून बाहेर पडल्या आणि २००३ पर्यंत ती हमी संपली. त्याआधीच, २००० साली, केंद्र सरकार आणि सिडबीने नवा हमी ट्रस्ट काढला होता. २००६ च्या कायद्याने कारखान्यांच्या पंगतीला सेवा देणारेही बसवले. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, लहान उद्योगांकडून दहा लाखांपर्यंत तारण मागू नका.

तरी गंमत पाहा. त्या हप्त्यांनंतर दादाने कधी कर्जाचं नाव काढलं नाही. मे २०२० मध्ये सरकारने हमीवर तातडीचं कर्ज जाहीर केलं ते २९ फेब्रुवारीला असलेल्या थकबाकीच्या वीस टक्के. आमच्या ऑफिसची थकबाकी शून्य. शून्याचे वीस टक्के किती, हे मी पाचवीच्या मुलांनाही शिकवलंय. साइट बंद, फी अडकलेली, आणि चार पोरांचे पगार भाचीने स्वतःची एफडी मोडून दिले.

असो. आता त्या ट्रस्टच्या हमीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून दहा कोटी झाली आहे, आणि या हमीखालच्या कर्जाला तिसऱ्या माणसाचा जामीन घ्यायचा नाही असा नियमच आहे. रात्री भाचीला उलट फोन केला. म्हटलं, "नियम छापून घे आणि त्यांच्या टेबलावर ठेव. या वेळी मी सही करणार नाही."

"तुमच्याकडे कोण मागतंय आत्या," ती हसली, "तुम्ही पेन्शनर. त्यांना पगारदार हवाय."