बिंबाजीराजे : छत्तीसगढात घर करणारा पहिला भोसला

आपण रायपुरकर मराठी मंडळी इथे कशी आलो, असे विचारले की उत्तर रेल्वे, सरकारी नोकरी किंवा भिलाईचा कारखाना यांपाशी थांबते. पण मराठी माणूस या भूमीवर आला तो त्याच्या कितीतरी आधी, आणि खरे सांगायचे तर तलवार घेऊन आला.

1741 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर पूर्वेकडच्या स्वारीवर जाताना रतनपूरवर चालून आले. कलचुरी राजा रघुनाथसिंह म्हातारा, त्यात पुत्रशोकाने खचलेला. त्याने शरणागती पत्करली. भास्करपंतांनी एक लाखाचा दंड बसवला आणि ते पुढे निघून गेले. (1744 मध्ये बंगालच्या अलीवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दग्याने ठार केले.) आले, घेतले आणि गेले, असा हा पहिला संबंध. त्याचा अभिमान कितपत बाळगावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राहायला आले ते बिंबाजी. रघूजींच्या चार पुत्रांपैकी एक. 1755 मध्ये रघूजी वारल्यावर गादीसाठी जानोजी आणि मुधोजी यांच्यात तंटा लागला, तो पेशव्यांपर्यंत गेला. वाटण्यांत बिंबाजींच्या वाट्याला छत्तीसगढ आले. नागपूरच्या मानाने हा वाटा दूरचा आणि जंगलपट्टीचा. रतनपूरच्या गादीवर रघूजींनीच बसवलेला मोहनसिंह होता. तो मुकाबल्यासाठी सैन्य जमवत असतानाच आजारी पडून वारला आणि 1758 मध्ये रतनपूर बिंबाजींच्या हाती आले. रायपूरच्या कलचुरी शाखेचे राज्य त्याआधीच गेले होते. तिचा वारस शिवराजसिंह याला पाच गावे आणि रायपूर परगण्यातल्या दर गावामागे एक रुपया एवढेच उरले. राज्य गेलेल्याच्या पदरात काय पडते, हे त्या एका रुपयावरून कळते.

पुढची जवळजवळ तीस वर्षे बिंबाजींनी रतनपुरात काढली. तिकडे नागपुरात जानोजी 1772 मध्ये गेले. मग मुधोजी आणि साबाजी या सावत्र भावांत युद्ध पेटले आणि 1775 मध्ये पाचगावच्या रणात साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले. बिंबाजींनी मात्र आपले बिऱ्हाड रतनपुरातच ठेवले. तिथेच दरबार भरू लागला, रायपूर आणि रतनपूर एका कारभाराखाली आले, दप्तरात मराठी आणि मोडी शिरली. टेकडीवर रामाचे देऊळ उभे राहिले, तीच आजची रामटेकरी. नागपूरच्या माणसाला रामटेक आठवल्यावाचून राहील काय! दसऱ्याला सोने वाटण्याची आपली रीतही इकडे त्यांनीच रुजवली, असे मानतात. आज छत्तीसगढी शेजारी आपल्याला सोनपत्ती देतो, तेव्हा ही चाल कोणी कोणाकडून घेतली हे दोघांच्याही मनात नसते.

7 डिसेंबर 1787 रोजी बिंबाजी वारले. उमाबाई सती गेल्या. यात गौरव करण्यासारखे मला काही दिसत नाही, पण सांगायचे टाळणेही बरे नव्हे. आनंदीबाई मागे राहिल्या, आणि माझ्या मते या घराण्याची खरी कर्ती स्त्री त्याच. छत्तीसगढ पुतणे व्यंकोजींकडे गेले. ते स्वतः इथे राहिले नाहीत. नागपुरातून सुभेदार नेमून कारभार चालवला. पहिले सुभेदार महिपतराव दिनकर यांना आनंदीबाईंचे वजन पदोपदी जाणवले. हे राज्य त्यांच्या घरचे होते, सुभेदाराला ती नोकरी होती.

नंतर सुभेदारी ठेक्यासारखी दिली जाऊ लागली. ज्याने रक्कम भरली, तो ती रयतेकडून वसूल करून घेणारच. छत्तीसगढी माणसाच्या मनात 'मराठा' शब्दाला जी कडवट चव आली, ती बरीचशी या काळातली. 1818 मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेतला आणि मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. आपल्या शहराचे भाग्य तेव्हा उघडले, रतनपूर मात्र मागे पडले. 1830 ते 1854 पुन्हा भोसल्यांचा अंमल होता. तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले.

रतनपूर बिलासपूरहून जेमतेम पंचवीस किलोमीटर. महामायेच्या दर्शनाला आपल्यातली बरीच मंडळी जातात आणि तशीच परततात. पुढच्या वेळी रामटेकरीच्या पायऱ्याही चढाव्यात. तिथे बिंबाजींची मूर्ती आहे.