जांभ्याची भिंत आणि जांभ्याचें कवच

शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड किल्ला विजापूरकरांच्या अमलांत उभा राहिला. १७१३ च्या तहानें तो कान्होजी आंग्र्यांकडे राहिला; १८१८ सालीं इंग्रजांनीं घेतला. राज्यें बदललीं, जांभ्याचे तट मात्र टिकले.

जांभा खाणींत मऊ असतो. उघड्या हवेंत तो कठीण होत जातो. मलबारांतील अशाच दगडास फ्रान्सिस बुकाननानें १८०७ मध्यें विटेच्या लॅटिन नांवावरून ‘लॅटेराइट’ म्हटलें.

कोंकणांतील जुन्या घरांत चिरा हीच भिंत असे. तो सच्छिद्र, पावसांत पाणी पिई, उघडीप पडतांच सोडून देई. आतां त्याच जांभ्याच्या पातळ लाद्या कवच म्हणून भिंतींवर चढवितात. थंड देशांत अशा कवचामागें शिरलेलें पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें आणि दगड सुटतो. जयगडास हिमाचें भय नाहीं. पण पावसाची ओल सिमेंटच्या थरामागें कोंडली, तर जुनी भिंत आंतून पोखरते.

यास्तव जुन्या घरास दगड लावण्यापूर्वीं गळती थांबवावी, भिंत पूर्ण वाळूं द्यावी आणि आंत शिरलेल्या पाण्यास तळाशीं वाट ठेवावी. शोभा त्यानंतरची.