खटल्याला उरलेले नाव

पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर रॉबर्ट केसी हे श्रद्धावंत कॅथलिक, आणि पक्षाने डेमोक्रॅट. १९७३ च्या ‘रो’ निकालाने गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरला होता. केसींनी १९८८-८९ मध्ये त्यावर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांवर स्वाक्षरी केली : २४ तासांची प्रतीक्षा, अल्पवयीन मुलीस पालकांपैकी एकाची संमती, विवाहितेने पतीस कळविणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जून १९९२ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी ‘रो’चा गाभा शाबूत राहिला, पहिल्या दोन अटी टिकल्या, पतीची अट मात्र रद्द झाली. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला पत्नीने कळवावे तरी कसे, हा न्यायमूर्तींचा मुद्दा आम्हांलाही खोडून काढता येत नाही. तो निकाल लिहिणाऱ्या तिघांपैकी अँथनी केनेडी स्वतः कॅथलिक! जुलैत पक्षाच्या अधिवेशनात केसींना बोलू दिले गेले नाही. जो निकाल त्यांना कधीच मान्य नव्हता, तोच त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २००० साली ते निवर्तले. २४ जून २०२२ रोजी ‘रो’ आणि ‘केसी’ हे दोन्ही निकाल रद्दबातल होऊन प्रश्न पुन्हा राज्यांकडे आला. बऱ्याच राज्यांनी बंदी घातली. पेनसिल्व्हेनियाने मात्र घातली नाही. तेथे केसींच्या वेळच्या अटीच पुढे चालू राहिल्या.