ब्रिनटेगचा 1925 चा नमुना

वेल्समधल्या फ्लिंटशरमध्ये फ्रिथ या गावी होरेस ग्रीन यांना 1948 मध्ये पिवळ्या फुलांचे एक रानटी झाड सापडले. एफी रॉसर यांनी 1955 मध्ये त्याला नाव दिले: सेनेसिओ कॅम्ब्रेन्सिस. आपल्या सह्याद्रीतली सोनकीही याच सेनेसिओ प्रजातीतली.

ते आधी कोणाच्या नजरेत का भरले नसावे, हे समजण्यासारखे आहे. ग्राउंडसेल हे तिथले घरोघरचे तण. त्याच्या फुलाला कडेच्या पाकळ्या बहुधा नसतात, पण त्याचा पाकळ्यांचा एक प्रकारही आढळतो. नवी जात हुबेहूब या पाकळ्यांच्या प्रकारासारखी दिसते. फरक पाहायचा तर बारीक पाहावे लागते. हिचे बी मोठे, परागकणही मोठे. निर्णायक पुरावा मात्र गुणसूत्रांचा. ग्राउंडसेलची 40, हिची 60.

हा साठचा आकडाच तिचा वंश सांगतो. तिचे एक जनक ग्राउंडसेल, दुसरे ऑक्सफर्ड रॅगवर्ट; रॅगवर्टची गुणसूत्रे 20. एटना ज्वालामुखीवरच्या दोन जातींच्या संकरातून आलेले हे झाड ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात वाढत होते. वनस्पतिशास्त्रज्ञ सिबथॉर्प यांनी आपल्या 1794 च्या ग्रंथात ते शहरातल्या भिंतींवर नोंदवले. 1844 मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे आली आणि रुळांखालच्या खडीने या झाडाला हवी तशी जमीन दिली. रुळांच्या कडेने पसरत गेलेल्या या झाडाचा ग्राउंडसेलशी संकर झाला, तर संतती 30 गुणसूत्रांची, वांझ. ती संख्या दुप्पट झाली की झाड पुन्हा बी धरते.

हे घडले केव्हा? शोधाच्या वर्षावर विसंबणे मला चुकीचे वाटते, कारण सापडण्याचे वर्ष म्हणजे जन्माचे वर्ष नव्हे. जुने सुकवलेले नमुने पुन्हा तपासले तेव्हा रेक्सहॅमजवळच्या ब्रिनटेगमध्ये 1925 मध्ये गोळा केलेला नमुना याच जातीचा निघाला. म्हणजे ग्रीन यांच्या आधी किमान 23 वर्षे ती तिथे उगवत होती. अलीकडची मर्यादा 1925 ने बांधली. पलीकडची मर्यादा ऑक्सफर्ड रॅगवर्टच्या प्रवासाने. उद्यानाबाहेर पडून ते वेल्सपर्यंत पोचण्याआधी तिथे संकर शक्यच नव्हता.

एडिंबरोतल्या लीथमध्ये 1982 मध्ये हीच जात सापडली. विकरांच्या तपासणीतून ती तिथे स्वतंत्रपणे उपजल्याचे दिसले. 1993 पर्यंत तिथली झाडे नाहीशी झाली होती.