शत्रूच्या तोंडून शिकलेली भाषा

परभाषा मित्राच्या तोंडून शिकावी, असे आपण समजतो. इतिहास कधी उलटाच धडा देतो. १५८८ साली स्पेनचे प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आले आणि विस्कटून गेले. त्यातील एक सेनानी, दॉन पेद्रो दे वाल्देस, ड्रेकच्या हाती लागला. तो इंग्लंडात कैदेत असतानाच रिचर्ड पर्सिव्हल याने स्पॅनिश भाषेचे व्याकरण व कोश रचला, आणि त्या कामी या कैद्याचे साहाय्य घेतले. ग्रंथ १५९१ मध्ये लंडनला छापला गेला. १५९९ मध्ये जॉन मिन्श्यूने तो वाढवून पुन्हा काढला.

शब्द कागदावर उतरले. पण उच्चाराचे काय? त्या काळापर्यंत स्पॅनिशमधील 'एक्स' हे अक्षर आपल्या 'श'सारखे उच्चारले जाई. म्हणूनच खेरेस गावचे मद्य इंग्रजांच्या तोंडी 'शेरी' झाले. पुढे तो ध्वनी घशाकडे सरकला व घासून निघणाऱ्या 'ख'सारखा झाला. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने १८१५ मध्ये अशा शब्दांत 'एक्स'ऐवजी 'जे' हे अक्षर ठरवले. शेरीचा पेला मात्र तो जुना उच्चार आजही सांगतो!

दुसरी अडचण शिकणाऱ्याच्या स्वतःच्या जिभेची. इंग्रज माणूस आघात नसलेले स्वर गिळतो. आपल्या 'चॉकलेट'कडेच पाहा. स्पॅनिश माणूस 'चो-को-ला-ते' असे चारही स्वर स्वच्छ म्हणतो. आघात चुकला तर अर्थही फिरतो: 'आब्लो' यात पहिल्या स्वरावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. लिहिताना दुसऱ्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर एक लहानशी तिरकी रेघ येते. तेवढ्या रेघेवर काळ आणि कर्ता दोन्ही अवलंबून!

इंग्रजाला शब्दारंभीचा 'प' किंचित महाप्राण करण्याची खोड. स्पॅनिश 'प' आणि दंत्य 'त' आपल्या मराठी वर्णांच्या जवळचे. तरीही आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकू लागलो, की हाती असलेला 'त' टाकून उसना 'ट' घेतो.

पर्सिव्हलपाशी बोलणारा शत्रू तरी समोर होता. आपण पुस्तक जरूर उघडावे. पण ज्याची भाषा, त्याचे तोंड ऐकल्यावाचून ती आली असे म्हणू नये.