परदेशी पेटी आणि आपला स्वर



पुण्याहून साताऱ्याकडे जातांना चेलाडीपाशीं उजवीकडे वळलें, म्हणजे थोड्याच वेळांत नसरापूर लागतें. तेथील बनेश्वराचें देऊळ नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधविलें. देवळांतल्या घंटेवर क्रूस आणि १६८३ हा आंकडा आजही दिसतो. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतलीच ही एक.

पाश्चात्य नादाचें हें आगमन किती निर्वेध झालें पाहा! घंटेला एकच नाद. तिच्याकडून कोणी यमन मागत नाहीं. पण पुढें शंभर-सव्वाशें वर्षांनीं दुसरें एक परदेशी वाद्य रुळलें, आणि त्याच्याकडून मात्र आपण सगळें गाणेंच मागूं लागलों. तें वाद्य म्हणजे हार्मोनियम, आपली बाजाची पेटी.

पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें यानें १८४२ मध्यें तिचें पेटंट घेतलें. मूळची पेटी खुर्चीवर बसून, पायानें भाता चालवून वाजवावयाची. आपला गवई बसतो बैठकीवर. तेव्हां पाय गेले, भाता मागें आला, डावा हात हवेला आणि उजवा सुरांना, अशी वांटणी झाली. (डावा हात असा गुंतल्यावर पाश्चात्यांचें दोन्ही हातांचें स्वरमेळाचें वादन आपोआपच गळालें, तें आपणांस हवें होतें कोठें?) संगीत नाटकानें या पेटीला मोठी प्रतिष्ठा दिली. १९११ सालच्या ‘मानापमाना’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. सारंगीच्या तारा उतरतात, पेटी उतरत नाहीं. सोय खरोखरच मोठी होती.

तिची किंमतही तशीच. पेटीवर एका पट्टीवरून दुसरीवर उडी घ्यावी लागते. मधली वाट नाहीं. गळा आणि सारंगी जिच्यावरून घसरत जातात, ती मींड तेथें उमटतच नाहीं. शिवाय सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार, तंबोऱ्याच्या खर्जांतून आपसूक ऐकूं येणाऱ्या गंधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा असतो. ज्याचा कान तंबोऱ्यावर वाढला त्याला हा फरक बोचतो. ज्याचा पेटीवर वाढला त्याला तो कळतच नाहीं. मला धास्ती वाटते ती या दुसऱ्या कानाची.

ही धास्ती सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनाही होती. या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. श्रुतींच्या शोधांत त्यांना खांसाहेब अब्दुल करीम यांचें साहाय्य लाभलें. पुढें ई. क्लेमंट्स या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावर वाद झडला. पंडित भातखंडे यांना ही श्रुतिगणना मुळींच पटली नाहीं. मला वाटतें, देवलांची तळमळ खरी, पण उपाय अपुरा. पट्ट्या वाढविल्यानें पायऱ्या वाढतात; घसरण तयार होत नाहीं.

जपानांत याच सुमारास वेगळा मार्ग चोखाळला गेला. मियागी मिचिओ या अंध वादकानें पाश्चात्य संगीताच्या ओढीनें नवी रचना केली, पण वाद्य आपलेंच, तेरा तारांचें कोटो, ठेवलें. खालचे सूर कमी पडतात असें पाहून १९२१ मध्यें त्यानें सतरा तारांचें मोठें कोटो करविलें. तार डाव्या हातानें दाबून स्वर वांकविण्याची जुनी सोय त्यामुळें हातची गेली नाहीं. आपण वाद्य परक्यांचें घेतलें आणि त्यांत आपला स्वर बसवूं पाहिला.

शेवटीं पेटीवर फिर्याद गुदरली तीही एका इंग्रजानें! ऑल इंडिया रेडिओच्या युरोपीय संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ मध्यें तिच्यावर टीकालेख लिहिला, आणि १९४० च्या मार्चपासून नभोवाणीनें पेटीला आपलें दार बंद केलें. तें उघडण्यास १९७० नंतरचा काळ उजाडावा लागला, आणि तेंही हळूहळू. मधल्या तीस वर्षांत गवई नभोवाणीवर पेटीवांचून गात, आणि घरीं येऊन तिच्याच साथीला बसत.